पाहणे आणि ओळखणे

माणूस डोळ्यांनी पाहतो, असे आपण सहज म्हणतो. पण डोळा फक्त उजेड आत घेतो. समोरचे मांजर आहे की कुत्रा, हे मेंदूला शिकावेच लागते. हे कळायला तीनशे वर्षे गेली.

१६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी इंग्रज विचारवंत जॉन लॉक यांच्यापुढे प्रश्न ठेवला. जन्मांध माणूस गोळा आणि ठोकळा चाचपून ओळखतो. उद्या त्याला दिसू लागले, तर हात न लावता तो ते ओळखील का? मॉलिन्यूंची पत्नी स्वतः अंध झालेली होती. दोघांचेही उत्तर होते, नाही.

१७२८ साली लंडनचे शल्यवैद्य विल्यम चेसेल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. त्याच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली होती. दिसू लागले खरे, पण कुत्रा कुठला नि मांजर कुठले, हेच ध्यानात राहीना. सारखे विचारायची लाज वाटे. शेवटी पोराने मांजर हातात धरून ओळखले, त्याच्याकडे टक लावून पाहिले, आणि मग सोडले. हाताची ओळख अशी नजरेला मिळाली!

पुढे ह्यूबेल आणि विझेल यांनी दाखवले की, मांजराच्या पिल्लाचा एक डोळा कोवळ्या वयात बंद ठेवला, तर नंतर उघडूनही मेंदू त्याला दाद देत नाही. १९८१ साली त्यांना नोबेल मिळाले. पण यातून, मोठ्या झालेल्या अंध मुलावर शस्त्रक्रिया करून काय उपयोग, असा समजही पसरला.

हा समज आपल्याच देशातील लेकरांनी खोडला. शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात उपचार झालेल्या, ८ ते १७ वयाच्या पाच मुलांची चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेने ओळखताना सुरुवातीला बहुतेक अंदाजच चालला. म्हणजे लॉक यांचे उत्तर बरोबर ठरले. पण थोड्याच दिवसांत ओळख जमू लागली! अशा रुग्णांना स्थिर चित्रात एकच वस्तू तुकड्या-तुकड्यांची दिसते. ती हलली की एकत्र हलणारे भाग एका वस्तूचे, हे मेंदू ताडतो.

नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, हेही खरे. म्हणून बाळाच्या बुबुळात पांढरेपणा दिसला, तर नशिबाला बोल लावत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि मूल मोठे झाले असले, तरी 'आता उशीर झाला' असे म्हणून त्याला अंधारात ठेवू नका.