मेरिंग उन्हाळ्याचे, बटरक्रीम हिवाळ्याचे

केकच्या बहुतेक पुस्तकांत 'लोणी खोलीच्या तापमानाला आणावे' असे एक वाक्य हटकून आढळते. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढची खोली साधारण २० अंश सेल्सिअसची असते. अकोला जिल्ह्यातील बाळापुरात, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभ्या असलेल्या किल्ल्याच्या गावात, मे महिन्यातील दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते. तेव्हा बाळापुरात उन्हाळ्यात लोणी खोलीच्या तापमानाला आणले, तर वाडग्यात उरते ते पिवळे पाणी. घरी केक करून पाहणारी गृहिणी मग आपल्या हाताला दोष देते. लोणी, अंडी, साखर वाया गेल्याची हळहळ वेगळीच. दोष हाताचा नसतो. कृती दुसऱ्या हवेसाठी लिहिलेली असते, एवढेच.

वऱ्हाडच्या हवेचा विचार करून पाहिले, तर चित्र बरेच पालटते. मेरिंग आणि बटरक्रीम हे दोन पदार्थ पाश्चात्त्य बेकरीत जोडीने वावरत असले, तरी त्यांच्या प्रकृती परस्परविरुद्ध आहेत. एकाला कोरडी हवा हवी, दुसऱ्याला थंड.

मेरिंग म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर एकत्र फेटून, मंद आचेवर सुकवलेला हलका, कुरकुरीत पदार्थ. तो ओव्हनमध्ये होतो म्हणून त्याला भाजलेला म्हणायचे. वस्तुतः ते एक वाळवणच होय. कुरडई, पापड, सांडगे यांचे तंत्र ज्या घराला ठाऊक आहे, त्याला मेरिंगचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पदार्थातील पाणी हळूहळू बाहेर काढायचे, रंग बदलू द्यायचा नाही, आणि वाळलेला पदार्थ पुन्हा ओल धरणार नाही अशा डब्यात ठेवायचा. साखर हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणून मुंबईच्या दमट हवेत तासाभरात चिकट होऊ लागणारे मेरिंग बाळापुरात एप्रिल-मे महिन्यांत घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहू शकते. संक्रांतीच्या हलव्याला चांगला काटा येण्यासाठी कोरडी हवा लागते, हे जुन्या बायका जाणून असतात. त्यामागचे कारण याच जातीचे आहे. मात्र वाळवण म्हटले म्हणून मेरिंग गच्चीवर उन्हात घालण्याचा मोह टाळावा. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि वऱ्हाडचे कडक ऊनही त्यांच्या नाशाची हमी देत नाही.

अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे ९० टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिने असतात. फेटताना ही प्रथिने उलगडतात, परस्परांना धरतात आणि हवेचे बुडबुडे कोंडून ठेवतात. स्निग्धांश या कामात मोडता घालतो. पिवळ्या बलकाचा एखादा थेंब किंवा भांड्याला राहिलेला तेलकटपणाही फेस चढू देत नाही. प्लॅस्टिकच्या भांड्याचा तेलकटपणा सहसा पूर्ण जात नाही, म्हणून स्टीलचे किंवा काचेचे भांडे घ्यावे आणि ते लिंबाच्या फोडीने पुसून घ्यावे. फ्रान्समध्ये या कामाला तांब्याचे भांडे वापरण्याची जुनी रीत आहे. तांब्याचा सूक्ष्म अंश प्रथिनांशी जोडला जाऊन फेस टिकाऊ करतो, असे हॅरॉल्ड मॅकगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले. आपल्याकडच्या तांब्याच्या पातेल्यांना आतून कल्हई केलेली असते, त्यामुळे त्यांचा येथे उपयोग नाही. कल्हई नसलेल्या भांड्यात लिंबाचा रस तर मुळीच घालू नये. आम्लामुळे तांबे नको तेवढे उतरते.

प्रमाण सोपे आहे : पांढऱ्या भागाच्या वजनाच्या दुप्पट साखर. आपल्या बाजारातील अंडे परदेशी पुस्तकांतील 'मोठ्या' अंड्यापेक्षा बहुधा लहान असते आणि त्यातून सुमारे ३० ग्रॅम पांढरा भाग निघतो. तेव्हा अंडी मोजण्यापेक्षा वजन करणे बरे. तीन अंड्यांच्या ९० ग्रॅम पांढऱ्या भागाला १८० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा लिंबाचा रस लागतो. साखर घरीच मिक्सरमध्ये बारीक करावी. फेस मऊ शिखरे धरू लागला की ती चमचाचमचाने घालत जावी. बोटांच्या चिमटीत मिश्रण चोळून पाहिले असता खरखर लागता कामा नये. मग बेकिंग पेपरवर छोटे छोटे ढीग घालून ९५ ते १०० अंशांवर दीड ते दोन तास ठेवावे आणि ओव्हन बंद करून त्यातच निवू द्यावे. घरगुती लहान ओव्हनचा काटा बरेचदा खोटे बोलतो. मेरिंगवर तांबूस छटा दिसू लागल्यास दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवावा. जास्तीची उष्णता आणि वाफ दोन्ही निघून जातात. मध्येच वीज गेली तर दार उघडू नये, कोंडलेल्या उष्णतेवर वाळण्याचे काम काही काळ चालू राहते. वाळू घातलेल्या कुकरमध्ये साधा केक उत्तम होतो, मेरिंग मात्र होत नाही : वाफेला वाट नसते आणि आच आवरत नाही.

मेरिंगच्या उगमाविषयी स्वित्झर्लंडमधील मायरिंगेन गावाची एक कथा सांगतात. तिला पुरावा नाही. फ्रांस्वा मासियालो याच्या १६९२ च्या फ्रेंच पाकपुस्तकात मात्र हे नाव छापलेले आढळते. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ अशा 'पावलोव्हा' या प्रकाराला रशियन नर्तिका अॅना पावलोव्हा हिचे नाव आहे. तिने १९२६ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा दौरा केला होता आणि हा पदार्थ आपला असे ते दोन्ही देश आजही हिरिरीने सांगतात. आपल्या उदयशंकरांनी १९२३ मध्ये लंडनला राधाकृष्णाच्या नृत्यात कृष्ण साकारला, तेव्हा राधा होती ती हीच. आपल्या देशात मेरिंगचे सर्वांत अस्सल रूप पाहायचे असेल तर तमिळनाडूतील तुतिकोरीनला जावे लागते. तेथील शंकूच्या आकाराचे मॅकरून अंड्याचा पांढरा भाग, साखर आणि काजू एवढ्यांतूनच तयार होते.

अंडे न खाणाऱ्या घरांचाही मार्ग अलीकडे मोकळा झाला आहे. काबुली चणे शिजवलेले पाणी आटवून फेटले असता अंड्यासारखाच पांढराशुभ्र फेस चढतो, हे फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. पुढच्या वर्षी त्याला 'अॅक्वाफाबा' हे नाव मिळाले. सुमारे दोन मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या पांढऱ्या भागाची जागा घेते. ते फेटायला अधिक वेळ लागतो आणि आच थोडी वाढली तरी मेरिंग बसते. चणे शिजवताना मीठ-सोडा घालायचा नाही, हे ओघाने आलेच.

बटरक्रीमचे गणित निराळे. लोणी आणि पिठीसाखर फेटून होणारा प्रकार सर्वांत सोपा आणि सर्वांत गोड. अधिक मऊ, रेशमी बटरक्रीम हवे असल्यास त्याचा पाया मेरिंगचाच असतो. इटालियन पद्धतीत ११५ ते १२० अंशांचा साखरेचा पाक फेसात बारीक धारेने सोडतात. या पाकासाठी परदेशी पुस्तके तापमापक मागतात. आपल्याकडे त्याला गोळीबंद पाक म्हणतात आणि वाटीभर पाण्यात थेंब टाकून तो ओळखतात. पाकाची नजर असलेल्या हाताला ही पद्धत अवघड नाही. स्विस पद्धतीत १२० ग्रॅम पांढरा भाग आणि २०० ग्रॅम साखर उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवून सतत ढवळत ७१ अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळे कच्च्या अंड्याची धास्ती उरत नाही, आणि घरात लहान मुले वा वृद्ध असतील तर हीच पद्धत धरावी. मिश्रण फेटून पूर्ण निवले की ३०० ग्रॅम लोणी तुकड्यातुकड्याने घालायचे. आठ इंची, दोन थरांच्या केकला आतून-बाहेरून हे पुरते.

लोणी बिनमिठाचे घ्यावे. घरच्या विरजणाच्या लोण्यात पाणी अधिक आणि आंबटपणा निश्चित, म्हणून ते येथे भरवशाचे नाही. मिश्रण मध्येच फुटल्यासारखे दिसते. घाबरून टाकून देऊ नये, फेटत राहावे, बहुधा जुळून येते. अगदीच पातळ झाले तर भांडे पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटावे. बाळापुरात मार्चपासून जूनपर्यंत, वातानुकूलित खोली नसेल तर, हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. बाजारातील केकवरचे पांढरे आवरण उन्हाळ्यातही उभे राहते, कारण ते बहुधा वनस्पतीजन्य स्निग्धांशाचे असते. त्याची टाळूवर राहणारी चव हा त्याचा मोबदला. डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडात सकाळ गार असते. लोणी तेव्हा कसलीही युक्ती न करता बोटाने दाबले जाईल इतपतच मऊ राहते. नाताळ किंवा जानेवारीतील वाढदिवस, बटरक्रीमला हाच काळ.

दोन्ही एकत्र आणायचे तर हिवाळाच गाठावा, कारण तेव्हाची हवा कोरडीही असते आणि थंडही. फ्रेंच 'डाक्वाज' केकमध्ये मेरिंगमध्ये बदामाची पूड मिसळून चकत्या वाळवतात आणि त्यांच्यात बटरक्रीम भरतात. बदामाऐवजी भाजलेल्या शेंगदाण्यांचे कोरडे कूट चालते. कूट तेल सुटेपर्यंत वाटू नये आणि फेसात घालताना हलक्या हाताने मिसळावे. भरलेला केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की चकत्या किंचित मऊ होतात, सुरी नीट चालते. वाढण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावा.

पावसाळ्यात मेरिंग चिकट झाले तर ते पुन्हा ९० अंशांवर अर्धा तास ठेवून डब्यात भरता येते. उरलेल्या पिवळ्या बलकांचा प्रश्न गोव्याने केव्हाच सोडवला आहे : तेथील बेबिंकाच्या थरांना ते डझनाने लागतात.