दोन टक्क्यांचे दायित्व आणि परिणामांचा हिशेब

कंपन्यांचे सामाजिक दायित्व, म्हणजे बोलीभाषेतील ‘सीएसआर’, आणि संस्थांतील कामगिरी व्यवस्थापन हे दोन विषय सामान्यतः वेगवेगळ्या विभागांत हाताळले जातात. पहिला जनसंपर्काचा आणि दुसरा मनुष्यबळ विभागाचा, अशी समजूत रूढ आहे. वास्तविक दोन्ही संकल्पनांचा काळ एकच आहे. उद्योजकांच्या सामाजिक जबाबदारीवरील हॉवर्ड बोवेन यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला, तर उद्दिष्टे ठरवून कामाचे मूल्यमापन करण्याची पद्धत पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली. समाजासाठी खर्च झालेल्या पैशाने नेमके काय साधले, हा प्रश्न या दोन्ही विचारांना एकत्र आणतो. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या उदाहरणातून तो अधिक स्पष्ट होतो.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. आधीच्या आर्थिक वर्षात ५०० कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक आहे. कंपनीचे नेहमीचे व्यावसायिक काम, केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचे उपक्रम आणि राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या यांची गणना या खर्चात होत नाही.

प्रारंभी खर्च न केल्यास कारण नमूद करणे पुरेसे होते. जानेवारी २०२१ मधील सुधारणांनंतर चित्र बदलले. चालू प्रकल्पाची अखर्चित रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरावी लागते. अन्य अखर्चित रक्कम सहा महिन्यांत विहित निधीत जमा करावी लागते. कसूर झाल्यास दंड आहे. दिलेला निधी मंजूर कामासाठीच वापरला गेला, याची खातरजमा संचालक मंडळाने करायची असून मुख्य वित्त अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करायचे आहे.

खर्च, फलित आणि परिणाम

कामगिरी व्यवस्थापनात तीन पायऱ्या वेगळ्या मानल्या जातात. उटनूर परिसरातील एखाद्या आश्रमशाळेत जलशुद्धीकरण यंत्र बसवले, असे उदाहरण घेऊ. त्यासाठी दिलेले पैसे हा खर्च. यंत्र उभे राहिले, हे फलित. पावसाळ्यात मुलांचे पोटाचे आजार घटले आणि शाळेतील हजेरी वाढली, तर तो परिणाम. पहिल्या दोन गोष्टी पावती आणि छायाचित्र यांवरून सिद्ध होतात. तिसरीसाठी आधीची नोंद आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा केलेली पाहणी लागते. यंत्र नादुरुस्त झाल्यावर दुरुस्ती कोण करणार, याचे उत्तरही तेव्हाच मिळते.

कायद्याने तिसऱ्या पायरीची सक्ती मर्यादित ठेवली आहे. ज्या कंपनीचे सरासरी सामाजिक दायित्व मागील तीन वर्षांत १० कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिनेच एक कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचे असते. तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान वर्ष लोटल्यानंतर. त्यामुळे लहान कामांचे मोजमाप बहुधा खर्चापाशीच थांबते. त्यातून अधिकाऱ्याची वार्षिक कामगिरीही ‘रक्कम मार्चपूर्वी संपली का’ एवढ्यावरच ठरू लागली, तर वर्षअखेरीस घाईने कामे उरकली जाणार, हे ओघानेच आले.

आदिलाबादचे उदाहरण

११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. सिंगरेणीच्या कोळसा खाणी आणि देवापूरचा सिमेंट कारखाना नव्या आदिलाबादच्या हद्दीबाहेर गेले. कागजनगरची कागद गिरणीही आसिफाबादकडे गेली. पैनगंगेकाठच्या आजच्या आदिलाबादकडे उरला तो कापसाचा बाजार आणि जिनिंगचा व्यवसाय. जिल्हा मुख्यालयातील भारतीय सिमेंट महामंडळाचा कारखाना तर १९९०च्या दशकाच्या अखेरीसच बंद पडला होता.

कायद्यात कंपनीच्या कार्यस्थळाच्या परिसराला प्राधान्य देण्याची तरतूद आहे; केंद्र सरकारच्या स्पष्टीकरणानुसार ती बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे. तरीही कल त्याच दिशेने राहतो. देशभरात दरवर्षी या खात्यावर २५ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च होतो आणि त्याचा मोठा वाटा महाराष्ट्रासारख्या उद्योगप्रधान राज्यांना मिळतो. गोंड, कोलाम, परधान, थोटी या आदिवासी समाजांची वस्ती असलेल्या आणि मोठे उद्योग नसलेल्या जिल्ह्याची गरज मोठी असते, मात्र त्याच्या दारात दायित्व असलेली कंपनीच नसते.

मोजमापाने काय साधू शकते, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने देशातील ५०० तालुक्यांसाठी आकांक्षित तालुका कार्यक्रम सुरू केला. त्यात आरोग्य व पोषण, शिक्षण, कृषी, पायाभूत सुविधा आणि सामाजिक विकास यांच्या निर्देशकांवर प्रगती तपासली जाते. आदिलाबादमधील नारनूरचा त्यात समावेश आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याला लोकप्रशासनातील उत्कृष्टतेचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. येथे आरंभस्थिती नोंदवलेली असल्याने बदल दाखवता आला. खासगी निधी देणाऱ्या कंपन्यांनी वेगळी मोजपट्टी शोधण्याऐवजी अशा उपलब्ध निर्देशकांशी आपली कामे जोडली, तर दुबार खर्च टळेल आणि तुलनाही शक्य होईल.

मात्र निर्देशकांना मर्यादा आहेत. एखादा आकडाच उद्दिष्ट बनला की तो मोजमाप म्हणून विश्वासार्ह राहत नाही, हा अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथेही लागू पडतो. शिवाय गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या कुटुंबाला तेलुगू किंवा इंग्रजी प्रश्नावली देऊन समाधान मोजता येत नाही. मूल्यमापन करणारा त्या भाषेत ऐकू शकतो का, हाही गुणवत्तेचा निकष असायला हवा.

गोव्यासाठी बोध

नफ्यावर आधारलेले दायित्व नफ्यासोबतच वाढते आणि आटते. कागजनगरची गिरणी २०१४ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्ये नव्या मालकीखाली सुरू झाली. दरम्यानच्या काळात बंद कारखान्याकडून दोन टक्क्यांची अपेक्षा कोण करणार? २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणबंदी अनुभवलेल्या डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१५ च्या दुरुस्तीने आलेला जिल्हा खनिज निधी नफ्याऐवजी स्वामित्वधनाशी जोडलेला असला, तरी खाण थांबली की त्याचीही नवी भर थांबते.

म्हणून ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती किंवा स्वयंसेवी संस्थेने कंपनीकडून मदत स्वीकारताना तीन प्रश्न लेखी विचारावेत. आजची स्थिती कोणी नोंदवली आहे? निधी थांबल्यावर देखभाल कोण करील? आणि वर्षभरानंतरची पाहणी गावासमोर मांडली जाईल का? कंपन्यांना आपले सीएसआर प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. त्यामुळे ही माहिती मागण्यास आधार आहे. दोन टक्के खर्च झाले की कायद्याची पूर्तता होते. दायित्वाची पूर्तता मात्र या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.