धाव, रूळ आणि बुलेटचं गाईड

1905 साली एक इंग्रज मुलगा डॉनकॅस्टरच्या ‘ग्रेट नॉर्दर्न रेल्वे’च्या कारखान्यात उमेदवारीला लागला आणि पाच वर्षं वाफेच्या इंजिनांत रमला. त्याच काळात तो मोटरसायकलींच्याही नादी लागला. 1909 आणि 1910 साली आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत तो उतरला. पुढे पहिल्या महायुद्धात त्यानं विमानाचं इंजिन घडवलं आणि त्यानंतर स्वतःच्या नावाच्या मोटारी काढल्या. हा वॉल्टर ओवेन बेंटली. जुन्या बुलेटच्या हेडातलं ढिलं गाईड नव्यानं बसवण्याच्या कसबाची कुळकथा सांगताना बेंटलीचं नाव सहसा कोणी घेत नाही. खरं तर बैलगाडीचं चाक आणि मोटरसायकलचं हेड यांच्यामधला दुवा त्याच्याच कारकिर्दीत सापडतो.

गाईड म्हणजे हेडात ठोकून बसवलेली बोटाएवढी नळी. व्हॉल्व्हची दांडी तिच्यातून वरखाली होते. सुरुवातीच्या इंजिनांत ही वेगळी नळी नसे, दांडी थेट ओतीव लोखंडाच्या भोकातून धावे. पुढे उष्णता लवकर बाहेर पडावी म्हणून हेड ॲल्युमिनियमचं झालं. मऊ ॲल्युमिनियम दांडीचं घासणं सोसणार नाही, म्हणून त्यात लोखंडाचं किंवा ब्राँझचं गाईड बसवावं लागलं. 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेटचं हेडही याच जातीचं.

या नळीला ना आटे असतात, ना डिंक. भोक नळीपेक्षा किंचित लहान ठेवतात आणि त्या आवळपणावरच ती टिकते. 16 मिलिमीटरच्या गाईडला 0.04 मिलिमीटर आवळपण दिलं आहे, असं धरू. हेड 180 अंशांनी तापवलं की भोक सुमारे 0.066 मिलिमीटरनं मोठं होतं आणि थंड गाईड त्यात अलगद उतरतं. हेड निवलं की पकड बसते. मात्र इंजिन चालू लागलं की हेड पुन्हा तापतं. तेवढंच तापलेलं लोखंडी गाईड जेमतेम 0.032 मिलिमीटरनं फुगतं. चाळीस हजारांशांच्या पकडीतले चौतीस गेले, उरले सहा. ब्राँझ जास्त, म्हणजे 0.052 पर्यंत फुगतं, त्यामुळे त्याची पकड सव्वीसवर राहते. हवेवर थंड होणारं इंजिन चढणीला रटरटलं की लोखंडी गाईडचे ते सहाही संपतात. गाईड भोकात हलू लागतं, भोक लंबगोल होतं, बाजूनं तेल झिरपतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

तापवून आवळायची ही युक्ती आली कुठून? याबाबत दोन पक्ष संभवतात.

पहिला पक्ष तोफेचा, आणि त्याची बाजू भक्कम आहे. 1449 साली घडवलेली ‘मॉन्स मेग’ ही तोफ लोखंडी पट्ट्या उभ्या लावून त्यांवर कडी चढवलेली आहे. तंजावरची राजगोपाल तोफही पट्ट्या आणि कड्यांचीच. 1855 च्या सुमारास न्यूकॅसलच्या विल्यम आर्मस्ट्राँगनं आतल्या नळीवर तापवलेली लोखंडी वेटोळी चढवून तोफा केल्या. फ्रेंच गणिती लामे याची जाड नळ्यांवरच्या ताणाची सूत्रं याच कामाला आली आणि आवळपण किती द्यायचं याचा हिशेब आजही त्यांवरच होतो. हिशेबाचं श्रेय तोफेचं, हे मान्यच करायला हवं.

पण तोफेत आत लोखंड आणि बाहेरही लोखंडच. दोन्ही सारखंच फुगतं. उष्णतेनं पकड सुटणं हा गाईडचा मूळ रोग तोफेला जडत नाही. तो जडतो चाकाला, आणि इथेच दुसरा पक्ष वरचढ ठरतो.

गाडीच्या चाकावर लोहार धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवतो ती पद्धत महाराष्ट्रातल्या गावांनी अगदी परवापर्यंत पाहिली आहे. गोवऱ्यांच्या आरात धाव तापवायची, सांडशींनी उचलून पुठ्ठ्यांवर घालायची, घण मारून बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. धाव आकसली की पुठ्ठे, आरे आणि तुंबा एकजीव होतात. युरोपात केल्ट लोक इसवीसनापूर्वीच अशा अखंड धावा चढवत. स्कॉटलंडमधल्या न्यूस्टेड इथल्या रोमन ठाण्याच्या उत्खननात तशी चाकं मिळाली. मधल्या काळात तिकडे खिळ्यांनी ठोकलेले तुकडे रूढ झाले, मग अखंड धाव परत आली.

धाव लोखंडाची, चाक लाकडाचं. दोघांचा स्वभाव निराळा. उन्हाळ्यात लाकूड वाळतं आणि धाव खुळखुळते. तेव्हा तात्पुरता इलाज म्हणून पाचर ठोकायची किंवा चाक पाण्यात भिजत घालायचं. पक्का इलाज एकच: धाव कापून आखूड करायची, सांधायची आणि पुन्हा तापवून चढवायची. रोग आणि इलाज दोन्ही गाईडशी हुबेहूब जुळतात.

हे ज्ञान लोहाराच्या अंगणातून रेल्वेच्या कारखान्यात गेलं. रेल्वेच्या चाकावरचा पोलादी टायर तापवूनच चढवला जाई. जर्मनीच्या क्रुपचा बिनजोड टायर 1850 च्या दशकातला आणि क्रुपच्या बोधचिन्हातली तीन कडी म्हणजे ते टायरच. लांब उतारावर ब्रेकचे ठोकळे घासून टायर तापे, चाक थंड राही आणि टायर फिरे. तो सरकला हे कळावं म्हणून टायर आणि चाक यांवरून रंगाची रेघ ओढत. टायर निसटू नये म्हणून आतून कडं घालत. काही इंजिनांच्या गाईडांना तेच काम करणारी सर्कलिप असते.

आता बेंटली. महायुद्धात त्यानं बीआर-1 हे विमानाचं इंजिन केलं. त्याचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे आणि आत लोखंडी अस्तर: बाहेर जास्त फुगणारा धातू, आत कमी फुगणारा. नेमकी बुलेटच्या हेडातली जोडी! त्याच सुमारास फार्नबरोला प्राध्यापक गिब्सन आणि सॅम हेरॉन ॲल्युमिनियमच्या हेडांवर प्रयोग करत होते. हेरॉननं पुढे पोलादी सिलिंडरवर तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड आटे देऊन आवळायची पद्धत रूढ केली. शास्त्र त्या दोघांचं, यात वाद नाही. पण हाताची सवय रेल्वेची असावी, असा तर्क इथे ठामपणे मांडायला हरकत नाही. रोल्स-रॉइसचा हेन्री रॉइसही ग्रेट नॉर्दर्नच्याच पीटरबरोच्या कारखान्यात उमेदवार होता. इंग्लंडच्या इंजिन घडवणाऱ्या त्या पिढीतले असे लोक टायर चढवताना पाहत वाढले होते.

दुरुस्तीत तर धावेचं कूळ लपतच नाही. ढिल्या गाईडच्या अंगावर पंचनं टिंबं मारून ते पुन्हा ठोकणं म्हणजे पाचर. टिंबांच्या टोकांपुरतीच पकड मिळते, बाकी अंग हेडाला टेकत नाही. मग उष्णता हेडात उतरत नाही आणि दांडी तापून अडकते. लॉकटाइटसारखं चिकट द्रव्य लावणंही तसलंच, एक्झॉस्टच्या तापमानापुढे त्याचा फारसा टिकाव लागत नाही.

पक्कं काम असं. हेड तापवून जुनं गाईड काढायचं. भोक रीमरनं साफ गोल करायचं आणि वर, मध्ये, खाली मोजायचं. मग लेथवर त्या मापाचं जाड अंगाचं ब्राँझचं गाईड कातायचं. लोहार धाव आखूड करतो, लेथवाला गाईड जाड करतो. भोक फारच बिघडलं असेल तर ते भरून पुन्हा कोरावं लागतं. हेड भट्टीत सर्व बाजूंनी सारखं तापवायचं. एकाच जागी गॅसची ज्योत धरली तर हेड वाकतं. गाईड फ्रीजरमध्ये गार करून ठेवायचं आणि एका दमात सरळ उतरवायचं. अर्ध्यावर तिरकं अडकलं तर ते भोक ओरबाडूनच निघतं.

हेड निवल्यावर गाईडचं आतलं भोक आवळलेलं असतं, त्यात पुन्हा रीमर फिरवावा लागतो. शेवटी बैठक. नवं गाईड जुन्याच्या रेषेत तंतोतंत क्वचितच बसतं, म्हणून नव्या गाईडचाच आधार घेऊन व्हॉल्व्हची बैठक पुन्हा कातायची. हे टाळलं तर व्हॉल्व्ह एका बाजूनं टेकतो, गळतो, आणि दर फटक्याला दांडी तिरकी ओढून नवं गाईडही लवकर खातो.