फादर दिब्रिटो : मळ्यातून माय मराठीकडे

कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे अनुवादक, 'हरित वसई' चळवळीचे नेते आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष अशी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ओळख महाराष्ट्राला आहे. २५ जुलै २०२४ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे वसईत निधन झाले. श्रद्धा ही देवळाच्या चार भिंतींत ठेवण्याची वस्तू नसून शेजाऱ्याच्या पाण्याशी, जमिनीशी आणि भाषेशी तिचा संबंध असतो, हे त्यांच्या आयुष्याचे सार म्हणता येईल.

जन्म आणि जडणघडण

४ डिसेंबर १९४२ रोजी वसई तालुक्यातील नंदाखाल येथे त्यांचा जन्म झाला. वसईवर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात येथील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र बागायत, पेहराव, लग्नगीते आणि बोली त्यांनी सोडली नाही. उत्तर वसईत बोलली जाणारी सामवेदी बोली आजही घराघरांत ऐकू येते. अशाच शेतकरी समाजात दिब्रिटो वाढले. समाजशास्त्रात बी.ए. आणि धर्मशास्त्रात एम.ए. केल्यानंतर १९७२ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

कॅथलिक धर्मगुरू आजन्म अविवाहित राहतो. स्वतःचा संसार नसला तरी ज्या धर्मग्रामात तो सेवा करतो, तेथील घरे हेच त्याचे कुटुंब ठरते. जन्म, विवाह, आजार आणि मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी त्याला दारात उभे राहावे लागते. दिब्रिटो यांनी आपल्या आत्मकथनाला 'नाही मी एकला' हे नाव दिले, ते या दृष्टीने बोलके आहे.

'सुवार्ता'ची चोवीस वर्षे

त्यांच्या दीक्षेच्या काही वर्षे आधी कॅथलिक जगतात मोठा बदल झाला होता. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्याची वाट मोकळी झाली. वसईच्या देवळांत मराठीतून मिस्सा होऊ लागली. दिब्रिटो यांच्या पिढीने हा बदल केवळ प्रार्थनेपुरता न ठेवता साहित्यापर्यंत नेला. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी 'सुवार्ता'चे संपादन केले. धार्मिक मासिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नियतकालिकात पर्यावरण, राजकारण, स्त्रीप्रश्न आणि मराठी साहित्य यांना त्यांनी हक्काची जागा दिली. त्यामुळे ख्रिस्ती समाजाबाहेरचा वाचक आणि लेखकही या मासिकाशी जोडला गेला.

हरित वसईचा लढा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईचा विस्तार वसई-विरारकडे वळला. शेतजमिनी नागरीकरणासाठी खुल्या झाल्या, १९९० मध्ये 'सिडको'कडे नियोजनाचे अधिकार आले आणि नव्या इमारती भराभर उभ्या राहू लागल्या. या इमारतींसाठी पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न होता. गावांतील विहिरी उपसून टँकर भरले जाऊ लागले.

वसईच्या किनारपट्टीचे पाणी नाजूक समतोलावर टिकून आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. गावोगावची 'बावखले', म्हणजे वाडीलगत खणलेली तळी, हे पाणी साठवतात आणि विहिरींना पुरवतात. उपसा वाढला किंवा बावखले बुजवली गेली, की खारे पाणी आत शिरते. मग केळी, पानवेल आणि फुलशेती धोक्यात येते. शेतकऱ्याला जमीन विकण्यावाचून पर्याय उरत नाही.

या प्रश्नावर दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या माध्यमातून लोकांना संघटित केले. पाण्याचा उपसा, नियोजनशून्य बांधकाम आणि जमिनीच्या व्यवहारांभोवती वाढलेली दहशत या तिन्हींविरुद्ध मोर्चे आणि सभा झाल्या. हा लढा एका धर्माचा नव्हता, कारण विहीर आटली की साऱ्या आळीची आटते. विकासाला विरोध करणारे अशी टीका त्यांच्यावर झाली. शहर तर वाढतच गेले. २००९ मध्ये महापालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. तरीही पश्चिम पट्ट्यात आज जी हिरवाई दिसते, तिच्यामागे या लोकलढ्याचाही वाटा आहे.

'सुबोध बायबल' आणि ग्रंथसंपदा

मराठी आणि ख्रिस्ती धर्म यांचे नाते जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद केला. दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' याच परंपरेतले आहे. शब्दाला शब्द न ठेवता, टिपा आणि पार्श्वभूमी देत आजच्या वाचकाला कळेल अशा प्रवाही भाषेत त्यांनी हे काम केले. या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 'तेजाची पाऊले', 'सृजनाचा मळा', 'ओॲसिसच्या शोधात' आणि इस्रायल-पॅलेस्टाइन प्रश्नाचा मागोवा घेणारे 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' ही त्यांची अन्य पुस्तके होत.

मराठवाड्यातील संमेलन

१० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथे ९३ वे साहित्य संमेलन भरले. निवडणूक टाळून सन्मानाने अध्यक्ष निवडण्याची प्रथा सुरू झाली, त्यानंतरचे अरुणा ढेरे यांच्यानंतरचे ते दुसरे अध्यक्ष होते. एका धर्मगुरूला हे पद कसे, असा आक्षेप काही संघटनांनी घेतला. संमेलनाला जाऊ नये, असे पत्र उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही आले. मराठवाड्याच्या मातीतला हा कवी तरीही व्यासपीठावर उपस्थित राहिला. पाठीच्या दुखण्याने बेजार असलेल्या दिब्रिटो यांनीही भाषण टाळले नाही. विद्यार्थ्यांवरील हल्ल्यांचा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय त्यांनी तेथे स्पष्टपणे मांडला.

संतसाहित्याचा अभ्यासू वाचक, ख्रिस्ताचा उपासक आणि शेतकऱ्याचा मुलगा ही तिन्ही नाती दिब्रिटो यांनी एकाच वेळी सांभाळली. मराठी कोणाची, या प्रश्नाला धाराशिवच्या मांडवाने उत्तर दिले. वसईचे पाणी कोणाचे, हा त्यांचा दुसरा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. त्यांच्या पश्चात बावखले आणि विहिरी राखण्याची जबाबदारी वसईकरांवर आहे.