विद्वानाची भाकरी

रविवारच्या मराठी वर्गातील शिक्षकांना वर्गणीतून थोडेफार मानधन द्यावे का, यावर मंडळाच्या गेल्या बैठकीत बरीच वादावादी झाली. "हौसेने शिकवतात, मग पैसे कशाला?" असे काहींचे म्हणणे पडले. घरी परतताना मला चीनमधला एक जुना संवाद आठवला. हाच वाद तिथे सुमारे २३०० वर्षांपूर्वी झाला होता!

कन्फ्यूशियस (इ. स. पूर्व ५५१ ते ४७९) लहानपणीच पोरका झाला आणि गरिबीत वाढला. माणूस कुळाने नव्हे, तर शिक्षणाने आणि आचरणाने मोठा होतो, असे तो मानी. दक्षिणा म्हणून वाळवलेल्या मांसाची जुडी आणणाऱ्यालाही तो शिकवी. एका शिष्याने शेती शिकवा म्हटले, तेव्हा त्याने सांगितले की ते काम म्हाताऱ्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा चांगले येते. राज्यकर्त्यांना नीतीने वागायला शिकवणे हे तो आपले काम समजे.

पण असल्या कामावर पोट भरावे का? इ. स. पूर्व चौथ्या शतकात त्याच परंपरेतला मेन्सियस डझनावारी रथ आणि शेकडो अनुयायी घेऊन राजांच्या दारी पाहुणचार घेत फिरे. त्याच्याच एका शिष्याला हे खटकले. काम न करता खाणे बरे नव्हे, असे तो म्हणाला. मेन्सियसने उलट विचारले: सुताराला आणि रथ बनवणाऱ्याला तू जेवू घालतोस, मग घरी आईवडिलांचा मान राखणाऱ्या आणि जुने ज्ञान पुढच्या पिढीसाठी जपणाऱ्या माणसाला का नाही? शिष्य म्हणाला, सुताराचा हेतूच पोट भरण्याचा असतो. तेव्हा मेन्सियसने त्याला पेचात पकडले. पोटासाठीच कोणी तुझी कौले फोडली आणि भिंती खरडल्या, तर त्याला जेवू घालशील? नाही ना? म्हणजे मोबदला हेतूचा नसतो, कामाचा असतो.

पुढे मात्र गाडी घसरली. इ. स. ६०० च्या सुमारास सरकारी नोकरीसाठी परीक्षा सुरू झाल्या. कन्फ्यूशियसचे ग्रंथ हाच त्यांचा मुख्य अभ्यास झाला. गरीब घरातील काही मुलगे त्यामुळे वर आले, हे खरे. स्त्रियांना मात्र परीक्षेला बसता येत नसे. नीतीचे ग्रंथ नोकरीची शिडी बनले, आणि हेच ग्रंथ बारीक अक्षरात कपड्यांवर लिहून कॉपी करणारेही निघाले! १९०५ मध्ये ही परीक्षापद्धती बंद झाली.

मला वाटते, यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतील. शिक्षक हौसेने शिकवतात म्हणून त्यांचे काम फुकटचे ठरत नाही. आणि मुलांनी श्लोक घडाघडा म्हटले म्हणजे संस्कार झाले, असेही नाही. आजी-आजोबांशी ती फोनवर कशी बोलतात, तेही पाहावे.

मानधनाचा विषय वार्षिक सभेत पुन्हा येणार आहे. मेन्सियसचा प्रश्न मनात ठेवून सर्वांनी अवश्य यावे.