भाषासंपर्क आणि इंग्रजीच्या बोलींतील व्याकरणिक जटिलता

भाषासंपर्क आणि व्याकरणिक जटिलता यांचा परस्परसंबंध हा समाजभाषाविज्ञानातील एक वादग्रस्त अभ्यासविषय आहे. अनेक खंडांत पसरलेली आणि शेकडो भाषांच्या सान्निध्यात आलेली इंग्रजी ही या अभ्यासासाठी विशेष सोयीची भाषा ठरली आहे. येथे जटिलता म्हणजे लिंग, विभक्ती, वचन, अनियमित रूपे यांसारख्या व्याकरणिक भेदांचे प्रमाण; भाषकाची बुद्धी किंवा भाषेची अभिव्यक्तिक्षमता नव्हे. हा खुलासा आवश्यक ठरतो, कारण वसाहतकाळात ‘साधे व्याकरण’ हा शब्दप्रयोग बहुधा हिणवण्यासाठीच होत असे.

सर्व भाषांची एकूण जटिलता जवळपास सारखीच असते, असे विसाव्या शतकात बहुतेक भाषावैज्ञानिक मानत. २००१ मध्ये जॉन मॅक्व्हॉर्टर यांनी क्रिओल भाषांची व्याकरणे जगातील सर्वांत साधी असल्याचे प्रतिपादन केले आणि या गृहीतकावर उघड वाद सुरू झाला.

== जुन्या इंग्रजीचे सुलभीकरण ==

जुन्या इंग्रजीत तीन लिंगे, चार प्रमुख विभक्ती आणि विशेषणांची दुहेरी रूपावली होती. ‘स्तान’ (दगड) हा शब्द पुल्लिंगी होता, तर ‘वीफ’ (स्त्री) हा नपुंसकलिंगी. ही व्यवस्था प्रथम इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात, म्हणजे नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियन लोकांची वस्ती झालेल्या प्रदेशात ढासळली. दक्षिणेकडील केंटमध्ये १३४० साली लिहिलेल्या ‘अयेनबाइट ऑफ इन्विट’ या ग्रंथात मात्र लिंगभेदाच्या खुणा अजून दिसतात. दोन्ही समाजांच्या भाषांत शब्दांची मुळे बरीचशी समान होती, प्रत्यय मात्र वेगळे; त्यामुळे परस्परसंवादात प्रत्यय गळून पडले, असे स्पष्टीकरण दिले जाते. ‘दे’, ‘देम’ ही सर्वनामेही नॉर्स भाषेतून आली. सर्वनामे सहसा उसनी घेतली जात नाहीत, म्हणून हा पुरावा वजनदार आहे. तथापि शब्दांती येणारे आघातहीन स्वर आधीपासूनच क्षीण होत होते. त्यामुळे संपर्काने हा बदल घडवला की केवळ त्याला वेग दिला, यावर मतभेद आहेत. मध्ययुगीन इंग्रजी ही क्रिओल होती, हे १९७० च्या दशकातील मत आज बहुसंख्य अभ्यासकांना मान्य नाही.

== प्रौढ आणि बालके ==

पीटर ट्रडगिल यांच्या मते संपर्क झाला एवढे पुरेसे नसते. नवी भाषा कोण शिकते हे महत्त्वाचे असते. प्रौढ शिकाऊंना अनियमित व पुनरुक्त रूपे जड जातात, म्हणून मोठ्या संख्येने प्रौढ भाषा शिकतात तेथे सुलभीकरण होते. याउलट मुले पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा एकत्र शिकतात तेथे जटिलता वाढूही शकते. पूर्व अँग्लियातील बोलीत ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’ म्हणतात. सोळाव्या शतकात नॉरिचमध्ये आलेल्या डच व फ्रेंच भाषक निर्वासितांशी ट्रडगिल याचा संबंध जोडतात.

== वाढलेली जटिलता ==

पापुआ न्यू गिनीतील टोक पिसिन ही इंग्रजीतून शब्दसंपदा घेतलेली, परंतु आता स्वतंत्र मानली जाणारी भाषा आहे. तिच्यात ‘युमी’ म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण आणि ‘मिपेला’ म्हणजे त्याला वगळून आम्ही. मराठी भाषकास ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील हा भेद परिचित आहे; प्रमाण इंग्रजीत तो नाही. शिवाय ‘मितुपेला’ (आम्ही दोघे) आणि ‘मित्रिपेला’ (आम्ही तिघे) अशी द्विवचन व त्रिवचनाची रूपेही आहेत. यांतील घटक ‘यू’, ‘मी’, ‘टू’, ‘थ्री’, ‘फेलो’ या इंग्रजी शब्दांतून आले, भेदांची चौकट मात्र मेलानेशियातील स्थानिक भाषांची आहे. आयरिश इंग्रजीत नुकत्याच पूर्ण झालेल्या क्रियेसाठी ‘आफ्टर’ वापरून होणारी रचना आयरिश भाषेच्या नमुन्यावर बेतलेली आहे.

== मापन ==

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी प्रकारांच्या इलेक्ट्रॉनिक नकाशासंग्रहात २३५ व्याकरणिक वैशिष्ट्यांची नोंद आहे. बर्न्ड कॉर्टमन आणि बेनेडिक्ट स्मरेचानी यांनी अशा नोंदींच्या आधारे बोलींची तुलना केली. मात्र मोजणीचे निकष बदलले की क्रमही बदलतो: केवळ प्रत्यय मोजले तर टोक पिसिन साधी ठरते, सर्वनामांतील भेद मोजले तर प्रमाण इंग्रजी.