त्याच वर्गात पुन्हा: अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि जॅझ

१९०१ साल संगीताच्या माणसांना पाठ असतं. त्या वर्षी ५ मे रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्याच्या ओसरीवरचं गाणं वर्गात आलं. त्याच वर्षी अमेरिकेत, शिकागोजवळच्या जोलिएट गावात, एका हायस्कूलच्या आधाराने दोन वर्षांचं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तो जोडूही नये. पण शिक्षणाचं दार कोणासाठी किती उघडायचं, हा प्रश्न दोन्हीकडे होता. आज आपण त्या दुसऱ्या दाराकडे बघणार आहोत.

आधी एक खुलासा. तिकडचं ज्युनिअर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे. ती पदवीची पहिली दोन वर्षं. घराजवळ, कमी पैशांत, आणि प्रवेशाला चाळणी नाही. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं ते १९४७ च्या ट्रूमन आयोगाच्या अहवालानंतर. त्याआधी, १९४४ मध्ये, जी.आय. बिल नावाचा कायदा झाला होता. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. त्यांतले पुष्कळ जण लष्करी बँडमध्ये वाजवून आलेले होते. त्यांना डान्स हॉलमध्ये, रेडिओवर, हॉलिवूडच्या स्टुडिओत काम हवं होतं. विद्यापीठांचे संगीत विभाग मात्र बाख-बेथोव्हेनच्या पलीकडे बघायला तयार नव्हते. टेक्ससमधल्या डेंटनला १९४७ मध्ये जॅझची पदवी सुरू झाली, तीही 'डान्स बँड' या नावाने. जॅझ हा शब्द कागदावर आणायची लाज वाटे! आपल्याकडे लावणीचं जे झालं, तेच.

लॉस एंजेलिसच्या सिटी कॉलेजसारख्या ठिकाणी ही लाज कमी होती, कारण मुळात प्रतिष्ठाच कमी होती. पुढे सॅक्सोफोन आणि बास क्लॅरिनेटवर नवी वाट पाडणारा एरिक डॉल्फी तिथे शिकला. त्याच शहराच्या परिसरात एल कॅमिनो कॉलेज आहे. १९४८ मध्ये लष्करातून सुटल्यावर ट्रम्पेटवादक चेट बेकरने तिथे थिअरी आणि हार्मनीचे वर्ग केले, आणि दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडून तो पुन्हा लष्करात भरती झाला. आजच्या सरकारी तक्त्यात हा माणूस 'गळती'च्या रकान्यात जाईल. हे जरा लक्षात ठेवा.

आता शिकवतात काय? वादन-गायन, जॅझ आणि गीतरचना ही तीन दुकानं एका छपराखाली का, असं आपल्याला वाटेल. त्याचं कारण जॅझच्या पोटातच आहे. १९३० मध्ये जॉर्ज गर्शविनने एका नाटकासाठी 'आय गॉट रिदम' हे गाणं केलं. त्याची चाल बाजूला ठेवून, खालची कॉर्ड्सची मांडणी तेवढी घेऊन, चार्ली पार्करच्या पिढीने कित्येक नव्या रचना उभ्या केल्या. म्हणजे गाणं कसं बांधलंय हे कळलं नाही तर त्यावर बढत करता येत नाही. बत्तीस मात्रांचा, नव्हे, बत्तीस बारचा साचा: पहिला भाग दोनदा, मग वेगळा भाग, मग पुन्हा पहिला. गीतरचनेच्या वर्गात विद्यार्थी स्वतःचं गाणं घेऊन येतो, सगळ्यांसमोर म्हणतो, आणि तो वेगळा भाग कुठे फसला ते सगळे मिळून शोधतात. तिकडे असे वर्ग बरेचदा संध्याकाळी भरतात, कारण दिवसा माणसं कामावर असतात.

आणि बँड. बिग बँडला साधारण सतरा माणसं लागतात. सतरा चांगले वादक एकाच वर्षी, एकाच गावात, एकोणीस वर्षांचे मिळत नाहीत. म्हणून तिथे एकोणीस वर्षांच्या पोराशेजारी निवृत्त पोस्टमन ट्रॉम्बोन धरून बसलेला असायचा, वर्षानुवर्षं, सत्रामागून सत्र तोच वर्ग घेत. पोरगं मास्तरांपेक्षा त्याच्याकडूनच जास्त शिकायचं. सूर कुठे दाबायचा, दुसऱ्याच्या सोलोत गप्प कसं बसायचं, हे शेजारी बसूनच येतं.

इथेच पेच आला. कॅलिफोर्नियात ही कॉलेजं जवळजवळ फुकट होती. १९७८ मध्ये प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कराला लगाम घातला, १९८४ पासून विद्यार्थ्यांकडून फी घेणं सुरू झालं. २००८ च्या मंदीनंतर तर वर्गांना जागा पुरेनात. मग विचारणा झाली की, तोच वर्ग पुन्हापुन्हा घेणाऱ्यावर सार्वजनिक पैसा का घालावा? २०१३ पासून नियम आला: व्यायाम, चित्रकला, संगीत अशा विषयांत, एकाच प्रकारचे वर्ग चारपेक्षा जास्त वेळा घेता येणार नाहीत. विद्यापीठात पुढे जायला लागत असेल तर सूट.

हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. नर्सिंगला जायचं म्हणून रसायनशास्त्राच्या वर्गाबाहेर ताटकळलेल्या मुलीची बाजूही बाजूच आहे. पण आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हाला 'तोच वर्ग' या शब्दांत अडकायला होतं. रसायनशास्त्राचा वर्ग एकदा झाला की झाला. यमन 'झाला' असं कोण म्हणतं? वीणा वाजवून वाजवूनच माणूस वीणावादक होतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात सांगून ठेवलंय. आपण त्याला रियाझ म्हणतो. नियमाने त्याला पुनरावृत्ती म्हटलं आणि उधळपट्टीच्या खात्यात टाकलं. शिक्षण म्हणजे दोन टोकांतलं अंतर, असं ज्याने धरलं त्याला रियाझ दिसणारच नाही. त्याला फक्त न पोचलेला प्रवासी दिसतो.

कॉलेजांनी पळवाटा काढल्या. एकाच बँडचे पहिली पातळी, दुसरी पातळी असे चार भाग केले, नावं बदलली. कागदावर चार अभ्यासक्रम. खोलीत तेच स्टँड, तीच मंगळवारची संध्याकाळ. आमच्या मते हा दंभ क्षम्य आहे. पण चार सत्रं, म्हणजे दोन वर्षं संपली की पोस्टमनला उठावंच लागतं. एकोणीस वर्षांचं पोरगं तर तसंही दोन वर्षांत पुढे जातं. मग ट्रॉम्बोनच्या रांगेत सगळेच नवे.